लाँड्रीच्या व्हॅनचे नाक

मित्रांनो, मी एक जुना डबा आहे. काळा, प्लॅस्टिकचा, एका कडेला चीर गेलेला. इंजिनात जाणारी हवा गाळणे हे माझे काम. माझ्या पोटात कागदाची घड्याघड्यांची जाळी असते. हवा तिच्यातून पुढे जाते आणि धूळ माझ्याकडे राहते. एकदा माझ्यावर मोठा आळ आला. म्हणे, मी इंजिनाचा गळा दाबतो! त्याचे उत्तर मी आज देणार आहे, आणि तेही ताठ मानेने.

कारखान्यातल्या गरम साच्यातून बाहेर पडलो आणि चार क्लिपा लावून मला या व्हॅनच्या इंजिनावर बसवले गेले. व्हॅन एका लाँड्रीची. इस्पितळाच्या चादरी धुऊन, वाळवून रोज सकाळी सातच्या आत चढावरच्या इस्पितळात पोचवायच्या. आमचे पहिले ड्रायव्हरकाका दर महिन्याला माझे झाकण उघडायचे, जाळी पायरीवर आपटून झटकायचे आणि म्हणायचे, "नाक मोकळं तर गाडी खूश!" तेव्हा चादरींनी गच्च भरलेली गाडी तो चढ हसत चढायची.

काका निवृत्त झाले आणि स्टिअरिंग लाँड्रीवाल्या बाईंच्या नवऱ्याकडे आले. माणूस वाईट नाही, पण हौस दांडगी. मोबाइलवर गाड्यांचे व्हिडिओ बघून बघून आपल्याला सगळे येते असे त्याला वाटू लागले होते. लाँड्रीत त्याला सगळे 'हॉर्सपॉवर' म्हणत. या हॉर्सपॉवरने दोन वर्षांत माझे झाकण एकदाही उघडले नाही. शिवाय चादरी भरताना तो गाडी चालूच ठेवायचा, आणि उभी करायचा ती नेमकी कपडे वाळवायच्या ड्रायरची हवा बाहेर पडते त्या तोंडाशी.

गाडीला धाप लागू लागली. इस्पितळात एकदा उशीर झाला, मग दुसऱ्यांदा झाला. तिथल्या मोठ्या सिस्टरने सांगून टाकले, "आता एकदा जरी उशीर झाला तरी आम्ही दुसरी लाँड्री बघू." बाईंचे घर त्या एका कामावर चालत होते.

"हा डबाच हवा अडवतोय," हॉर्सपॉवरने निकाल दिला. त्याने करवतीने एक रुंद स्टीलचा पाइप कापला, हवा आणि पेट्रोल मिसळते त्या कार्बोरेटरच्या तोंडावर चढवला आणि मला गाडीत मागे फेकले. न उघडता! दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या जागी चादरी भरायला गाडी सुरू केली तर तिने डरकाळीच फोडली.

"ऐकलास आवाज? पिकअप डबल!" तो बायकोला म्हणाला.

"आवाजानं चढ चढता आला असता, तर तुम्ही एकटेच चादरी घेऊन पोचला असता," बाई म्हणाल्या आणि स्वतःही गाडीत बसल्या.

अर्ध्या चढावर गाडीने आचके दिले आणि ती बंद पडली. सातला वीस मिनिटे कमी होती. हॉर्सपॉवरचे तोंड एवढेसे झाले. त्याने पाइप उपसला, तर आत पेट्रोलने भिजलेला पांढरा बोळा. बाईंनी तो बोटांत धरून चोळला. ड्रायरची जाळी रोज त्याच साफ करत, त्यामुळे त्यांच्या बोटांनी तो लगेच ओळखला.

"अहो, हा तर आपल्या चादरींचा कापूस!"

"तो इंजिनात कसा येईल?"

"गाडी कुठं उभी करता तुम्ही? ड्रायरच्या तोंडाशी! तो डबा कुठंय? आणा इकडे."

माझे झाकण उघडले. जाळीवर कापसाचा थर साचला होता, चांगला गादीसारखा. हो, माझा श्वास कोंडला होता. दोन वर्षे मी तो सगळा कापूस एकट्याने अडवून धरला होता आणि पाइपाला एक सकाळही जमले नाही! बाईंनी जाळी टायरवर आपट आपट आपटली, मला जागेवर बसवले आणि चारही क्लिपा खटाखट लावल्या. किल्ली फिरली. कितीतरी दिवसांनी मी छाती भरून हवा घेतली. आम्ही पोचलो तेव्हा सातला चार मिनिटे कमी होती. सिस्टरने घड्याळाकडे पाहिले आणि चादरी मोजून घेतल्या.

परत येताना हॉर्सपॉवरने गाडी उतारावरून हळूच खाली आणली. मग म्हणाला, "चुकलं माझं. पण पाइप चांगलाय हं." बाईंना हसू फुटले.

तो पाइप आता माझ्याच तोंडाला जोडला आहे. गाडीच्या पुढून गार हवा आणतो आणि मी ती गाळतो. थोडा फरक पडतो, हे मी मान्य करतो. सुधारणेला माझा विरोध कधीच नव्हता. गाडीही आता ड्रायरपासून लांब उभी राहते आणि दर महिन्याला माझे झाकण उघडते.

मित्रांनो, तुमच्याकडेही एखादी जुनी वस्तू दमली असेल, कुरकुरत असेल. तिला नावे ठेवा, हवे तर बदलाही. पण आधी उघडून बघा. माझ्या झाकणाला फक्त चार क्लिपा आहेत. त्यासाठी करवत लागत नाही.