दोघींच्या खोलीतले कपाट

मित्रांनो, मी एक जुने सागवानी कपाट आहे. विद्यापीठाच्या मुलींच्या वसतिगृहात, दोघींच्या खोलीत उभे असते. सुताराने मला घडवले तेव्हा येणाऱ्याजाणाऱ्या मुली माझ्या दारांवरून कौतुकाने हात फिरवायच्या. पुढे लोखंडी कपाटे आली आणि माझ्या वाट्याला ओले टॉवेल उरले.

यंदा इथे राहायला आलेली एक मुलगी मुसलमान. तिला सगळ्या 'चष्मिस' म्हणत. दुसरी कॅथलिक, केस कायम पिंजारलेले, म्हणून 'झिपरी'. दोघींचे लगेच मेतकूट जमले. झिपरीच्या उशाची भिंत मी अडवली होती, म्हणून आईने दिलेला क्रूस तिने खिडकीकडच्या भिंतीवर लावला. चष्मिस नमाज पढायची तीही त्याच दिशेला.

हे झिपरीच्या उशिरा ध्यानात आले. तिने गुपचूप क्रूस उतरवून माझ्या खालच्या कप्प्यात ठेवला. रिकामा खिळा पाहून चष्मिसचा चेहरा पडला. आपल्यामुळे हिला अवघडल्यासारखे होते, असे समजून ती जिन्याखाली जाऊन नमाज पढू लागली. झिपरीला वाटले, हिला माझा शेजारच नकोसा झाला. विचारले कोणीच नाही. 'दिवा मालवू?' एवढेच बोलणे राहिले. शेवटी चष्मिसने रेक्टरबाईंकडे खोली बदलून मागितली आणि ती माझ्यातले कपडे पिशवीत भरू लागली.

"चाललीस?" झिपरीने विचारले.

"तूच सुटशील. माझ्यामुळे क्रूस काढलास ना?"

"अगं वेडे, नमाजाच्या वेळी तुझ्या समोर येतो म्हणून काढला! पण तू बाहेर का पळतेस?"

"तो परत लागावा म्हणून!"

झिपरी मटकन खाटेवर बसली. "धन्य आहोत आपण. त्या जिन्याखाली झुरळं आहेत गं."

"माहितीये. एक तर रोज माझ्याआधी हजर असतं."

दोघी हसल्या, आणि हसता हसता रडल्या.

मग त्यांची नजर माझ्याकडे वळली. दोघींनी मला ढकलत दाराजवळ नेले. त्यात माझा एक पाय मोडला; त्या जागी वीट आली. पण झिपरीची उशाची भिंत मोकळी झाली, क्रूस तिथे लागला. खिडकीकडची भिंत चष्मिसची झाली. पिशवीतले कपडे माझ्यात परतले.

मित्रांनो, आम्हा जुन्यांना हलवताना आधी रिकामे करा, मग उचला, ढकलू नका. आणि सोबतच्या माणसाचे मन जपायचे असेल, तर आधी त्याला विचारा. क्रूस माझ्याच पोटात होता, पण मला बोलता येत नव्हते. तुम्हाला येते.