शिवकन्याची चढती रेघ

दहावीत गेल्यापासून शिवकन्याला न येणारी गोष्ट जगात उरली नव्हती, असं तिचं तिलाच वाटायचं. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी सगळ्या वर्गाने ठिबक सिंचन घेतलं, हिने थेट युरेनियम घेतलं. म्हणजे शाळेच्या कॉम्प्युटरवर. युरेनियम आणि सोबतची किरणोत्सारी घाण आम्लाच्या पाण्यात विरघळलेली. त्यात औषध घातलेलं रॉकेल घुसळायचं. रॉकेल वर तरंगताना युरेनियम तेवढं उचलतं, घाण पाण्यातच राहते. अशा टाक्या तिने पडद्यावर एकापुढे एक मांडल्या आणि टँकरच्या रांगेत घागर सरकवत अख्ख्या नांदूरघाटला सांगून टाकलं, "जिल्ह्याला मीच चाललेय." नंबर हुकला तर रोज त्याच रांगेत तोंड दाखवायचं होतं.

परीक्षक होते बद्रीनाथ सर, सहकारी साखर कारखान्याचे केमिस्ट. ऊसच नाही म्हणून यंदा बॉयलर पेटला नव्हता. सर गावोगावच्या प्रदर्शनांना मोकळे होते.

पडद्यावर एक लाल रेघ सारखी वर चालली होती.

"ही कशाची गं?"

"किरणोत्साराची, सर. बघा ना, कशी चढतीय." शिवकन्याची छाती फुगली. विहिरीपासून धरणापर्यंत पाणी उतरतानाच तिने पाहिलेलं. चढतंय ते चांगलंच, असा तिचा हिशेब.

"अगं, घाण साठत चाललीय. शेवटच्या टाकीतलं पाणी कुठं सोडलंस?"

"परत पहिल्या टाकीत."

"कावून?"

"सर, पानी टाकून कसं द्यायचं?"

तिच्या घरी बाजेवर बसून अंघोळ, बाजेखालच्या घमेल्यातलं पाणी धुण्याला, धुण्याचं शेण कालवायला. हिने अणुशास्त्रालाही आईचंच वळण लावलं होतं.

"पहिल्या टाकीकडे जाणारा तो बाण काढ. पाणी वेगळ्या बंद टाकीत ने."

माऊसवर बोट अडलं. आई मागे उभी नाही ना, हे बघून तिने एकदाचं दाबलं. रेघ खाली आली आणि शहाण्यासारखी सरळ चालू लागली.

"आता सांग, आधी काय चुकलं?"

शिवकन्या कानापर्यंत लाल झाली. "धुन्याचं पानी परत अंघोळीला घेतलं, सर."

सर हसत सुटले आणि हसता हसताच त्यांनी जिल्ह्याच्या यादीत तिचं नाव घातलं.

घरी आईने विचारलं, "कशापायी आला नंबर?"

"पानी बाजूला काढलं म्हनून. बंद टाकीत ठिवलंय, कुनाला हात लावता येत न्हाई."

"मंजी सोसायटीच्या चेअरमनच्या टाकीवानी," आई म्हणाली आणि घागर तिच्या हातात दिली.