ठोंब्याला आनंद होऊ द्यायचा नाही

ठोंब्याचा आवाज बसला तेव्हा मला वाटलं, भुंकून भुंकून बसला असेल. मेल्याला दुसरं काम काय? मग एका दुपारी माझ्या इस्त्रीच्या दुकानात, टेबलाखाली, त्याला धाप लागली. लाकूड कापल्यासारखी घरघर आणि जीभ निळी.

जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी ऑक्सिजन लावला. म्हणाल्या, "श्वास घेताना घशातली झडप उघडायला हवी. याची लुळी पडलीय. ऑपरेशन असतं, पण वय तेरा, हृदय कमजोर. भूल झेपायची नाही."

"मग काय, हातावर हात धरून बसू?"

"दुकानातली गरमी बंद. गळ्यातला पट्टा काढा, छातीचा घाला. अन्न थोडंथोडं, सावकाश. आणि त्याला आनंद होऊ देऊ नका."

"अगं बाई! म्हणजे?"

"तुम्ही घरी आलात की उड्या मारतो ना? तेवढ्यानंही गुदमरेल. शिरताना बघायचं नाही, बोलायचं नाही. शांत झाला की मग जवळ घ्या."

यात मला काय कठीण? आमचे हे जाऊन आठ महिने झाले होते. कुत्रा त्यांचा लाडका. तेव्हापासून मी कोणाशीच धड बोलत नव्हते. नणंद तोंडावर म्हणाली होती, "वहिनी, तुला काही वाटतं की नाही?" खरं सांगायचं तर नव्हतं वाटत.

ठोंब्या घरीच गार फरशीवर राहू लागला. संध्याकाळी दार उघडलं की पायांत घुटमळायचा, घरघरायचा. मी पाठ करून हात धुवायची, भांडी विसळायची. तो समोर येऊन तोंडाकडे बघायचा, आपलं काय चुकलं म्हणून. मग गप्प पडायचा. त्यानंतर जवळ घ्यायचं असतं, ते मी बहुतेक वेळा विसरायची.

दोन महिन्यांनी एकदा दार उघडलं. ठोंब्यानं एक डोळा उघडला, मला पाहिलं, मिटला. श्वास अगदी छान चालला होता.

मी डॉक्टरीणबाईंना फोन केला. "वा! जमलं की तुम्हाला," त्या म्हणाल्या.

चपला पायातच होत्या. "ठोंब्या," मी म्हटलं, "अरे, मी आलेय."

त्याचा कान हलला. तो उठला नाही. मी चपलांसकट त्याच्याशेजारी फरशीवर बसले. मी आले म्हणून आनंद होणारं घरात एवढंच एक उरलं होतं, आणि त्याची ती खोड मीच मोडली होती.