भिंगरीच्या डोळ्यातला रहिवासी

मित्रांनो, मी एक जिवाणू आहे. माझे वय विचारू नका. आमच्यात एकाचेच दोन होतात, त्यामुळे मोठा कोण आणि धाकटा कोण हे आम्हांलाच कळत नाही. एका सुताराच्या आठ वर्षांच्या मुलीच्या डाव्या डोळ्यावर मी राहतो. ती एका जागी बसत नाही, म्हणून घरचे तिला भिंगरी म्हणतात.

काय जागा आहे ही! सतत ओली आणि उबदार. पापणी दर काही क्षणांनी अश्रूंचा पातळ थर डोळाभर पसरते आणि आमच्यातल्या कितीतरी जणांना वाहून नेते. मला तिचा राग येत नाही. आमची संख्या फार वाढू न देणारी अशी शिस्त मी तरी दुसरीकडे पाहिली नाही. उरलेले आम्ही थोडेजण जागा धरून बसतो, म्हणजे उपद्रवी जंतूंना सहज शिरकाव मिळत नाही.

एकदा बाबा फळी कापत असताना भुशाचा कण भिंगरीच्या डोळ्यात गेला. ती डोळा चोळू लागली. डोळा लाल झाला.

बाबांनी कपाटातून औषधाची जुनी बाटली काढली. "दोन थेंब टाकतो. सगळे जंतू साफ!"

माझे तर धाबेच दणाणले.

तेवढ्यात भिंगरीची आत्या आली. ती डोळ्यांच्या दवाखान्यात परिचारिका आहे.

"दादा, ठेव ती खाली! कधीची आहे?"

"गेल्या वर्षीची. अर्धी उरलीये, वाया कशाला घालवायची?"

"औषध म्हणजे काय उरलेली भाजी आहे, गरम करून वाढायला? कण गेलाय, तो धुऊन काढू. आणि डोळ्यातले सगळेच जंतू वाईट नसतात."

"म्हणजे माझ्या डोळ्यात पाहुणे आहेत?" भिंगरीने विचारले.

"पाहुणे कसले, घरचीच मंडळी!"

आत्याने हात धुतले आणि स्वच्छ पाण्याची धार सोडली. अश्रूही धावून आले. कण निघाला. माझे बरेच भाऊबंद त्याच्याबरोबर गेले, पण मी तगलो.

"उद्यापर्यंत लाली गेली नाही, तर डॉक्टरांना दाखवायचं," आत्या म्हणाली. बाबांनी बाटली कचऱ्यात टाकली.

मित्रांनो, डोळ्यात काही गेले तर चोळू नका. उरलेले औषध मनाने घालू नका, डॉक्टरांना विचारा. दुसऱ्या दिवशी लाली गेली, तेव्हा भिंगरी आरशाला नाक लावून उभी राहिली. आम्ही काही तिला दिसलो नाही. तरीही ती हळूच म्हणाली, "राहा रे, निवांत राहा."