बादलीतली खाण

सिहोऱ्याच्या पुढे बंदरकोला नावाची टेकडी होती आणि तिला आयुष्यात काही व्हायचं नव्हतं. खाण तर मुळीच नाही. ते देवीदासच्या डोक्यात आलं. रांझीच्या कारखान्यात तो फिटर होता. साडूच्या गावी गेला असताना सहज टेकडीवर चढला, एका खडकावर टेकला आणि बसल्या जागी त्याला हिरवा डाग दिसला. अशा ओल्या खडकावर बसून लोकांना सर्दी होते. देवीदासला खाण झाली.

हिरवा डाग म्हणजे तांबं, यात त्याची चूक नव्हती. डोंगराच्या पोटात तांब्याची शीर असली की पावसाचं पाणी भेगांतून झिरपतं, तांबं विरघळवून आणतं आणि खडकावर हिरवी पुटं चढवून ठेवतं. देवीदासने हे कुठंतरी वाचलं, परवाना काढला, कारखान्याला रामराम ठोकला आणि गावातल्या नथ्थूला हाताशी धरलं. नथ्थूला पगार नव्हता; तांबं निघालं की हिस्सा. म्हणजे दोघांनाही पगार नव्हता, फक्त नथ्थूला तसं सांगितलेलं होतं.

बोगदा पांढऱ्या डोलोमाइटमध्ये शिरला. हा दगड म्हणजे भेडाघाटच्या संगमरवराचा गरीब चुलतभाऊ. त्यात गारगोटीची एक शीर होती, सुरुवातीला पंज्याएवढी रुंद. आत जाता जाता ती बोटाएवढी झाली, मग सुतळीएवढी, आणि या हिवाळ्यात एके दुपारी खडकात शिरली ती पुन्हा दिसलीच नाही.

"भैया, ये तो खतम है," नथ्थूने पहार टेकवत म्हटलं.

"खतम नहीं, दम खा रही है. आगे मोटी होगी."

"हमाई सास भी जेई कहत ती," नथ्थू म्हणाला आणि पुन्हा खोदायला लागला.

शीर पुढे जाड होते की नाही, हे कळायला मशीनने खोल भोकं पाडायला हवी होती. असं मशीन राइट टाऊनच्या भय्यासाहेबांच्या जावयाकडे रिकामं उभं होतं. भय्यासाहेब सरकारी खात्यातून रिटायर झालेले भूगर्भतज्ज्ञ. ते हो म्हणाले तर मशीन टेकडीवर, नाही म्हणाले तर देवीदास रस्त्यावर. मधली जागा कुठंच शिल्लक नव्हती, देवीदासने शोधून पाहिली होती.

अडचण भय्यासाहेबांच्या गुडघ्यांची होती. त्यांना टेकडी चढवेना. त्यांच्या घरी दगड न्यावे तर सूनबाई विनता आत येऊ देईना. सासऱ्यांच्या नोकरीतले दगड अजून तिच्या गच्चीवर पडले होते आणि तिला पापड वाळवायला जागा नव्हती. शेवटी ठरलं, रविवारी ते रांझीला देवीदासच्याच घरी येऊन नमुने बघतील.

देवीदासने मग बोगद्याची भिंत अशी खरवडली की हिरवा म्हणून एक दगड मागे ठेवला नाही. अर्धं पोतं भरलं. टेकडीवर हिरवं असं फक्त गवत उरलं. बसच्या टपावर पोतं ठेवायला तो तयार होईना. मांडीवर घेऊन आला. शेजारच्या बाईने विचारलं, बाळाचं आहे काय काही. तो हो म्हणाला.

शनिवारी संध्याकाळी बायकोला, शेवंताला म्हणाला, "माती धुऊन ठेव जरा. साहेब येऊन राहिले उद्या." आणि हातोड्याला नवा दांडा बसवायला गोहलपुरात गेला.

आता शेवंताची भांडी हा साऱ्या गल्लीत बोलण्याचा विषय होता. बुद्धपौर्णिमेला खीर खायला आलेल्या बाया तिच्या तांब्याच्या घागरीत बघून केस सारखे करत. तिने दगड धुतले. माती गेली, पण हिरवं जाईना. तांब्यावर चढतं तसलं, अगदी तस्संच. उद्या राइट टाऊनचा मोठा माणूस येणार आणि आपल्या घरात असले कळकलेले दगड! तिने घरातली होती नव्हती ती चिंच बादलीत कोळली, दगड बुडवले, लोखंडी झाऱ्याने ढवळले आणि झाऱ्यासकट भिजत ठेवले.

रविवारी देवीदास भय्यासाहेबांना ऑटोतून घेऊन आला. अंगणात जुन्या लुगड्यावर दगड मांडले होते. पांढरेशुभ्र. साखरेसारखे.

"शेवंता," देवीदास म्हणाला. "हिरवं कुठी गेलं?"

"कुठी जाईन? निघालं. घरातली सारी चिंच लावा लागली."

"काहून काढलं!"

"मंग काय मळाचे दाखवता काय पाहुण्याले? अन् ओरडून काहून राहिले, साहेब उभे हायेत न."

"तो मळ नोहोता वं! तेच तांबं होतं!"

शेवंताने पदर तोंडाला लावला. भय्यासाहेब काठी टेकत दगडांजवळ बसले. एक दगड उचलून उन्हात फिरवला.

"सुंदर आहेत," ते म्हणाले. "कशाचे म्हणालात?"

"तांब्याचे, जी."

"अच्छा."

उभी नोकरी फायलींवर घालवलेल्या माणसाचा 'अच्छा' होता तो. त्याच्यात माणूस बुडाला तर वर येत नाही. मग त्यांची नजर बादलीकडे गेली. त्यांनी झारा बाहेर काढला. जेवढा पाण्यात होता तेवढा लालसर झाला होता, नव्या पैशासारखा.

"बाई, हा लोखंडाचाच ना?"

"माझ्या मायनं देल्ला, जी. काळाच होता." शेवंता आता रडकुंडीला आली. "हाबी खराब झाला काय?"

"खराब नाही. चिंचेने दगडावरचं तांबं सोडवलं आणि लोखंडाने ते आपल्यावर ओढून घेतलं. आम्ही कॅम्पवर चाकू बुडवून बघायचो."

"म्हणजे आहे!" देवीदास त्यांच्या पायाशीच वाकला. "साहेब, तांबं आहे!"

"आहे ना. झाऱ्यावर आहे." भय्यासाहेबांनी हात पुढे केला. "हातोडा द्या."

नव्या दांड्याने त्यांनी दगड फोडला. आतून पांढरा. दुसरा फोडला. पांढरा. तिसऱ्याला देवीदासने स्वतः हात घातला आणि बोटावर मारून घेतलं, पण दगड पांढराच निघाला.

"वरवरचं पूट होतं, देवीदासजी. शीर खोल गेलेली नाही, संपली आहे. जे काही तांबं होतं ते वरच्या भागात होतं, टेकडी उंच होती तेव्हा. तो भाग झिजून नर्मदेला मिळाला. खाली नुसते ओघळ उरलेत."

"मग मला उशीर झाला काय, जी?"

"थोडासा."

"किती?"

भय्यासाहेबांनी प्रामाणिकपणे विचार केला. "काही कोटी वर्षं," ते म्हणाले.

त्यांनी मशीनचं नाव काढलं नाही, आणि देवीदासने विचारलं नाही. शेवंताने केलेले आलूपोहे त्यांनी खाल्ले, छान झाले म्हणाले आणि ऑटोत बसून गेले.

देवीदास अंगणात बसून राहिला. मागून ठक् ठक् आवाज येत होता. त्याने वळून बघितलं. शेवंता उरलेले दगड फोडत होती. एक फोडायची, दोन्ही तुकडे डोळ्यांशी न्यायची, बाजूला ठेवायची, दुसरा घ्यायची. तिने या खाणीवर कधी विश्वास ठेवला नव्हता. त्याने राजीनामा दिला त्या दिवशी ती जेवली नव्हती. आता ती एकेका दगडाला गयावया केल्यासारखी फोडत होती. देवीदास उठला आणि तिच्या हातात दगड देऊ लागला. कोणी थांब म्हणेना.

"का हो देवीदास, कछु निकरो का?" भिंतीपलीकडून शेजाऱ्याने विचारलं.

"देख रहे हैं," देवीदास म्हणाला.

सगळे फुटले. अंगण पांढरं झालं. शेवंताने कपाळाचा घाम पुसला.

"नथ्थूले कोण सांगन?"

नथ्थू या घडीलाही तिकडे खोदत होता. रविवारची सुट्टी त्याने कधी घेतली नव्हती; हिस्सेदाराला कसली सुट्टी.

"मी येते," शेवंता म्हणाली. "तुमच्याच्यानं नाही होणार. तुम्ही त्याले अजून दहा हात खोदाले लावान."

ती पहिल्यांदाच टेकडीला निघाली होती. सिहोरा मागे पडल्यावर देवीदासने खिडकीतून बोट दाखवलं.

शेवंता बराच वेळ बघत राहिली.

"लहानच हाये न," ती म्हणाली.

देवीदासने बघितलं. खरंच लहान होती. ते उतरले, बांधावरून पायथ्याशी आले. वरून घणाचा आवाज येत होता, आणि तो मागच्या वेळेपेक्षा चांगलाच आतून येत होता.