आईचे खरे आकडे

दोन खेळाडूंच्या खेळातला समतोल, म्हणजे जिथून एकट्याने हलून कुणाचाच फायदा नाही अशी जागा, संगणकाकडून कसा काढून घ्यायचा, यात मनीची पाच वर्षं गेली होती. घरात मात्र दोनच माणसं असून समतोलाचा पत्ता नव्हता. दूरच्या शहरातल्या संशोधन संस्थेने तिला नोकरी देऊ केली होती आणि आज पाचपर्यंत उत्तर कळवायचं होतं. मनीचं म्हणणं, "तुझं शिवणकाम, तुझी गिऱ्हाइकं सगळी इथे. मी जात नाही." आईचं म्हणणं, "तू जा, मी मशीन उचलून मागोमाग येते." आठवडाभर दोघींचं घोडं तिथेच पेंड खात होतं.

"चल, मांडूनच बघू," मनी म्हणाली. तिने कागदावर चार चौकटी आखल्या: दोघी इथे, दोघी तिथे, मनी तिथे नि आई इथे, मनी इथे नि आई तिथे. "तुला कशात किती सुख, तो आकडा लिही. माझा मी लिहिते. ताटातूट झाली तर शून्य, ते मी भरून टाकलंय."

आईने त्या शून्यांकडे जरा पाहिलं, मग उरलेले आकडे लिहिले.

मनीने ते संगणकात घातले. दोन समतोल निघाले ते शेंबडं पोरही सांगेल असे: दोघी इथे, नाहीतर दोघी तिथे. तिसऱ्यात मात्र दोघींनी आपापला निर्णय नशिबावर सोडायचा होता, आणि त्यात सर्वांत जास्त शक्यता, नऊपैकी चार, शेवटच्या चौकटीची होती. मनी इथे आणि आई तिथे!

"नोकरी तुझी आणि जायचं मी?" आई म्हणाली. "तिथे काय तुझ्या साहेबांच्या विजारी शिवू?"

हसून हसून दोघींची मुरकुंडी वळली. मग मनीने आकडे नीट पाहिले आणि जीभ चावली. 'दोघी तिथे'ला आईने दहा दिले होते, 'दोघी इथे'ला पाच. मनीचे बरोबर उलटे. आईने लेकीचं सुख लिहिलं होतं, लेकीने आईचं. मायेपोटी दोघी धडधडीत खोटं बोलल्या होत्या, त्याला संगणक बिचारा काय करणार?

"आता खरे लिही. तुझे. माझी शपथ आहे."

आईने पेन्सिल घेतली आणि आधी 'दोघी तिथे'चे दहा खोडून दोन केले. मग तिने 'मनी तिथे, आई इथे' यातलं आपलं शून्य खोडून नऊ लिहिले.

मनीने तिचा पेन्सिलचा हात धरला. "पुन्हा माझ्यासाठी त्याग?"

"त्याग कसला डोंबलाचा!" आई चोरी पकडल्यासारखी लाल झाली. "तुझ्या खोलीत कापड बेतायचं मोठं टेबल मावतं. मागच्या वर्षीच मोजून ठेवलंय मी. तीस वर्षं जमिनीवर बसून बेततेय, गुडघे गेले माझे."

मनीला राग आला, हसू आलं, आणि आठवडाभर छातीवर ठेवलेला धोंडाही उतरला. आता संगणकाची गरज नव्हती. लेक गेली तरी आईला इथेच बरं, आणि आई इथे मजेत असली तर लेकीला जायला बरं. दोघींपैकी कुणीच निर्णय बदलणार नव्हती. पावणेपाचला तिने होकार कळवून टाकला.

"पण मग नऊच का?" तिने आईला चिडवलं. "सरळ दहा द्यायचे होतेस."

"टेबल आलं तरी तू घरात नसणार ना," आई म्हणाली. "तो एक त्याचा."