सासूबाईंची ऊबदार जागा

अमेरिकेतल्या नोव्हाय गावच्या परीक्षितला गोठलेल्या तळ्यावर बर्फाला भोक पाडून मासे धरायचा नाद लागला. त्याने तंबू जोडलेली, बर्फावरून ओढायची छोटी स्लेड घेतली, पण तिच्यात बसलं की बूड गारठायचं. मग दोन शनिवार गराजमध्ये खपून त्याने आतून तळाला नि कडांना फोम चिकटवला, वर गालिचा डकवला.

नागपूरहून आलेल्या सासूबाई सहज आत बसून बघायला गेल्या, आणि अमेरिकेत आल्यापासून पहिल्यांदाच त्यांचे पाय गरम झाले.

"मीपण येते तळ्यावर," त्या म्हणाल्या. नाही म्हणायची परीक्षितची छाती झाली नाही.

आत जागा एकाचीच. रविवारी तो बाहेर पालथ्या बादलीवर गळ धरून कुडकुडत बसला. तेवढ्यात तंबूतून आवाज आला, "जावईबापू, जरा चेन लावता का? वारा येतोय."

त्याने गळ खाली ठेवला आणि उठून चेन लावली.